एका फणीचा प्रवास, नागाव ते नागाव

संगणक पहिल्यांदा एकसष्ट टक्क्यांवर थांबला, दुसऱ्यांदा अठ्ठावन्नवर. तिसऱ्यांदा हिरामणभाऊ म्हात्र्यांनी आंघोळ करून, देव्हाऱ्यासमोर हात जोडून बटण दाबलं, तेव्हा तो चोपन्नवरच थांबला. यात देवाला ओढायचं कारण नाही, पण प्रगतीची दिशा चुकत होती एवढं नोंदवायला हवं.

प्रश्न साधा होता. पुढच्या रविवारी त्यांच्या मुलीची, प्राप्तीची हळद होती. आगऱ्यांच्या घरची हळद ज्यांनी पाहिली आहे त्यांना काही सांगायला नको. ज्यांनी पाहिलेली नाही त्यांनी इतकंच समजून घ्यावं, की दुसऱ्या दिवशी जे लग्न लागतं तो हळदीच्या कार्यक्रमाचा समारोप असतो. या हळदीला मांडवात मोठा पडदा लागणार होता आणि त्यावर प्राप्तीच्या बारशापासून नोकरीच्या पहिल्या दिवसापर्यंतची फिल्म दाखवली जाणार होती. फिल्म हिरामणभाऊ स्वतः तयार करणार होते. तसं त्यांनी साखरपुड्यात जाहीर केलं होतं, तेही माइकवरून.

जाहीर करायची वेळ त्यांच्या मेव्हण्याने आणली. अल्पेश हा त्यांच्या पत्नीचा, कमळताईंचा धाकटा भाऊ. उरणच्या बंदरात त्याचे कंटेनर वाहणारे ट्रेलर चालतात, आणि ज्याचे ट्रेलर चालतात तो कुठल्याही पंगतीत जरा मोठ्यानेच बोलतो. "दाजी, फिल्मचं टेन्शन घेऊ नका," तो सगळ्यांच्या देखत म्हणाला होता. "पनवेलचा माणूस आपल्या ओळखीचा आहे. ड्रोन, गुलाबाच्या पाकळ्या, चंद्रावर नवरा-नवरी, सगळं करतो. माझ्यातर्फे." त्यावर हिरामणभाऊंच्या हातात माइक कसा आला हे आज कोणालाच आठवत नाही. "माझ्या मुलीची फिल्म मी करीन," ते म्हणाले, "आणि त्यात चंद्र नसेल." टाळ्या पडल्या. माइक खाली ठेवताना त्यांना वाटलं होतं, की आयुष्यात निदान एक वाक्य आपण जसं म्हणायला हवं तसं म्हटलं. आता ते वाक्य चोपन्न टक्क्यांवर अडकून पडलं होतं.

हिरामणभाऊ अलिबागच्या एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक आहेत आणि कारण समजल्याशिवाय कागद पुढे सरकवत नाहीत. त्यांनी इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहिले, तापमान दाखवणारा एक प्रोग्रॅम संगणकात घातला आणि निदान केलं. संगणकाच्या पोटात एसएसडी नावाची डिस्क असते. जुन्या डिस्कसारखं तिच्यात काही गरगरत नाही. च्युइंगगमच्या पट्टीएवढी ती एक पट्टी, तिच्यावर काळे चौकोन, आणि त्या चौकोनांत प्राप्तीचं सगळं बालपण साठवलेलं. फिल्म एकसंध करायला घेतली की ती पट्टी तापायची, शहाऐंशी अंशांवर जायची, आणि मग संगणक गोठायचा. तापला की गोठणं हे नागावच्या मे महिन्यात फक्त संगणकालाच जमतं. माणसं नुसतीच तापतात.

यावर उपाय होता हीटसिंक. अ‍ॅल्युमिनियमचा, दातेरी, बोटाएवढा तुकडा. तो डिस्कवर बसवायचा. तो तिची उष्णता ओढून घेतो आणि दात्यांमधून हवेत सोडून देतो. हे हिरामणभाऊंनी कमळताईंना कागदावर चित्र काढून समजावलं.

"म्हणजे फणी," कमळताई म्हणाल्या.

त्या दिवसापासून घरात, वाडीत आणि पुढे जिल्ह्यात त्या वस्तूला फणीच म्हटलं गेलं.

फणी मोबाइलवरून मागवली. तिसऱ्या दिवशी कचेरीत असताना निरोप आला, की पार्सल पोचलं. घरी फोन केला तर पोचलं नव्हतं. हिरामणभाऊंनी कुरिअरच्या मदत क्रमांकाला फोन लावला, आणि बरंचसं संगीत ऐकून झाल्यावर एक मुलगी बोलली.

"सर, पार्सल डिलिव्हर झालंय. नागावला."

"बाई, मी नागावचाच आहे."

"हो सर, नागावलाच दिलंय. हिरामण म्हात्रेंनी घेतलंय. सहीपण आहे."

"हिरामण म्हात्रे मी आहे!"

"मग मिळालंय ना सर," ती समाधानाने म्हणाली. "आणखी काही मदत करू शकते?"

हळूहळू उलगडा झाला. रायगड जिल्ह्यात नागाव दोन आहेत. एक अलिबागच्या खालचं, नारळी-पोफळीचं, सुट्टी लागली की पुण्या-मुंबईच्या गाड्यांनी भरून जाणारं. दुसरं उरण तालुक्यातलं. मोबाइलवर पत्ता भरताना 'नागाव' एवढं लिहिल्यावर खाली दोन ओळी आल्या होत्या आणि हिरामणभाऊंनी वरची दाबली होती. तालुका पाहिला नव्हता. ज्या माणसाने उभी नोकरी 'तालुका नमूद नाही' असा लाल शेरा मारून लोकांचे अर्ज परत पाठवण्यात घालवली, त्याच्या हातून हे घडलं. घरी त्यांनी 'कुरिअरचा गोंधळ' एवढंच सांगितलं. सरकारी भाषेत याला संक्षिप्त अहवाल म्हणतात.

उरणच्या नागावात खरोखरच एक हिरामण म्हात्रे होते. यात आश्चर्य काही नाही. उत्तर रायगडात कुठल्याही गावात उभं राहून 'हिरामण म्हात्रे' अशी हाक मारली, तर निदान एक खिडकी उघडते. त्यांचा नंबर काढायला मात्र अल्पेशचीच मदत घ्यावी लागली, आणि तो नंबर देताना अल्पेश जे हसला नाही, ते हिरामणभाऊंना जास्त लागलं.

"हां, आलीय बगा एक वस्तू," पलीकडचे हिरामण म्हणाले. "मला वाटला सुनंनं मागवलीय, तिला वाटला मी मागवलीय. नातीनं डोक्याला लावून बगितली. दात लय आखूड हायत, गुंता निगत न्हाय."

"ती डोक्याची नाही. संगणकाची आहे."

"असंल. पन तुमीच हिरामन म्हात्रे, हे कशावरून?"

हा प्रश्न हिरामणभाऊंनी आजवर टेबलाच्या दुसऱ्या बाजूने विचारला होता. त्यांनी आधारकार्डाचा फोटो पाठवला. तो तिकडे घरच्या सगळ्यांनी पाहिला असावा, कारण उत्तर यायला वेळ लागला. उत्तर असं, की माणूस तुम्हीच, पण फोटोत फार रागावलेले दिसता. घरात काही कार्य आहे का? मुलीची हळद आहे हे कळल्यावर पलीकडच्या हिरामणांना मनापासून आनंद झाला आणि त्यांनी तारीख विचारली. आमंत्रण देणं भाग पडलं. "सहकुटुंब या," हिरामणभाऊ म्हणाले, कारण तसंच म्हणतात.

फणी आणायचं काम अल्पेशने अंगावर घेतलं. "आपली गाडी तिकडंच असते, दाजी. नामाला सांगतो." नामा हा त्याचा ड्रायव्हर, आणि सांगितलेलं काम सांगितलं तसं करणारा माणूस. त्याला सांगितलं होतं, की वस्तू दाजींच्या दारात नेऊन दे. कुठल्या गाडीने, हे सांगितलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी नागावच्या वाडीतल्या रस्त्यावर, जिथे दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला जास्वंदीत शिरावं लागतं, तिथे चाळीस फुटी ट्रेलर शिरला. पूर्ण रिकामा. नामाच्या शर्टाच्या खिशात बोटभर लांब पाकीट होतं, तेवढाच माल.

विहिरीच्या वळणावर ट्रेलर अडकला. पुढे जाईना, मागे येईना. त्याच्यामागे समुद्रावर निघालेल्या पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागली. शेजारचे भागोजीकाका बाहेर आले. ते एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले आहेत आणि तेव्हापासून दारासमोर काहीतरी अडकण्याची वाट पाहत होते.

"येऊ दे, येऊ दे, येऊ दे," असं म्हणत त्यांनी हाताच्या इशाऱ्यांनी ट्रेलर थेट स्वतःच्याच कंपाउंडमध्ये घेतला. गेट आडवं झालं. भागोजीकाकांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. "जुनाच होता," ते म्हणाले, आणि पुन्हा हात हलवू लागले, "येऊ दे!"

अडकलेल्या गाडीतून एक बाई उतरल्या. "एवढं काय आलंय हो?" त्यांनी कमळताईंना विचारलं.

"फणी," कमळताई म्हणाल्या.

बाईंनी पुढे काही विचारलं नाही. त्या परत गाडीत जाऊन बसल्या आणि त्यांनी काच वर केली.

त्या दुपारी हिरामणभाऊंनी अर्धी रजा टाकून ओटीवर संगणक उघडला. आत उजेड कमी पडतो म्हणून ओटी. ओटीला लागूनच अंगण, आणि अंगणात चादरीवर केसरकाकूंनी, म्हणजे भागोजीकाकांच्या पत्नीने, जवळा वाळत घातलेला. संगणकाच्या व्हिडिओंमध्ये जी सूचना कुठेच नसते ती इथे नमूद केली पाहिजे: सुक्या जवळ्यापासून पाच हातांच्या आत जिऱ्याएवढा स्क्रू उघडू नये. स्क्रू उडाला, ओटीच्या कडेवर एकदा टणकला आणि जवळ्यात गेला.

आता जवळा म्हणजे काय, तर तांदळाएवढी सुकलेली कोळंबी. प्रत्येकीला काळा डोळा असतो, आणि तो डोळा, हिरामणभाऊंना हे प्रथमच कळत होतं, हुबेहूब त्या स्क्रूच्या डोक्यासारखा दिसतो. सगळी चादर त्यांच्याकडे टक लावून पाहत होती. केसरकाकू सूप घेऊन आल्या.

"पाखडून काडते, भावोजी. तुमी बाजूला व्हा. न्हाय गावला तर आमटीत गावंल. दाताला लागंल तवा सांगंन."

स्क्रू शेवटी फ्रिजवरच्या चुंबकाने निघाला. चुंबक हरिहरेश्वरहून आणलेला, वर देवळाचं चित्र. त्यामुळे मघाशी ज्याला या प्रकरणातून वगळलं होतं तो देव थोडासा आत आलाच.

फणी बसवायची वेळ आली. डिस्कवर कंपनीचं नाव छापलेला एक कागदी स्टिकर होता. भागोजीकाकांनी तो खरवडून काढायला चाकू मागितला. "इंजनावर कवा कागद असतो काय? काढ तो!" हिरामणभाऊंनी त्यांना ठामपणे थांबवलं. स्टिकर काढला तर वॉरंटी जाते, हे त्यांनी वाचलं होतं, आणि कंपनीने लावलेल्या कागदाला खासगी माणसाने हात लावू नये, हे त्यांचं स्वतःचं मत होतं.

फणीच्या पोटाला लावायची राखाडी, रबरासारखी मऊ पट्टी सोबत आली होती. डिस्क आणि फणी यांच्यामध्ये ती पट्टी. तिच्या दोन्ही अंगांना पातळ निळसर प्लास्टिक होतं. बरोबरच्या चिठ्ठीवर एक चित्र होतं: एक हात, एक उचललेला कोपरा आणि एक बाण. बाण सोलण्याचा की चिकटवण्याचा, यावर ओटीवर एकमत झालं नाही.

"प्लास्टिक राहू दे," कमळताईंनी निकाल दिला. "खारं वारं सगळं खातं."

बाहेरगावच्या माणसाला हा निकाल विचित्र वाटेल. पण समुद्रापासून हाकेच्या अंतरावर जो संसार करतो त्याचं गंजाशी जन्माचं वैर असतं. इथे बिजागऱ्या रडतात, सायकलींचे सांगाडे होतात, आणि नव्या पंख्याला पहिल्या वर्षातच म्हातारपणाचे डाग पडतात. म्हणून नव्या वस्तूवर कारखान्याने जे प्लास्टिक लावलेलं असतं ते इथे काढत नाहीत. कमळताईंच्या फ्रिजच्या दारावर ते होतं, मिक्सरवर होतं, टीव्हीच्या चारी कडांना होतं. रिमोट तर पिशवीत घालून रबरबँड लावलेला. खुद्द हिरामणभाऊंच्या घड्याळाच्या काचेवर होतं, आणि त्यातून त्यांना गेली कित्येक वर्षं वेळ जरा धुकट दिसत होती. केसरकाकूंनी दुजोरा दिला. "आमच्या पंक्याच्या पात्यांना अजून हाय. फिरला की फडफडतो, पन डाग न्हाय."

प्लास्टिक राहिलं. फणी बसली. चार स्क्रू आवळले गेले. दुपारच्या उजेडात ती चांदीसारखी चमकत होती आणि तिच्याकडे पाहून हिरामणभाऊंना कचेरीत कधीच येत नाही तसं समाधान आलं.

चाचणीला सगळे जमले. हिरामणभाऊंनी फिल्म एकसंध करायला लावली आणि तापमान मोठ्याने वाचायला सुरुवात केली. साठ. अडुसष्ट. पंच्याहत्तर. भागोजीकाका मान हलवत होते. ऐंशी. पंच्याऐंशी. सत्त्याऐंशीला संगणक गोठला.

"पयला किती व्हायचा?" भागोजीकाकांनी विचारलं.

"शहाऐंशी."

"म्हंजे फनीनं एक वाडवला."

तेवढ्यात अल्पेशचा फोन आला. फणी कशी आहे असं त्याने विचारलं, जसं एखाद्या आजारी नातेवाइकाबद्दल विचारावं. "दाजी, राग नका मानू. पनवेलवाल्याला सांगून ठेवू का? तो शनिवार सकाळपर्यंत थांबतो म्हणतोय. सगळी शूटिंग त्याच्याकडं दिली की तो रातोरात उडवतो."

या घरात असा प्रश्न आला की 'नाही' हे उत्तर ठरलेलं. "उद्या सांगतो," या वेळी हिरामणभाऊ म्हणाले. कमळताईंनी आतून ऐकलं आणि त्या चहा टाकायला गेल्या. त्यांच्या घरात मोठी बातमी आली की चहा होतो.

शुक्रवारी भागोजीकाकांनी सूत्रं हातात घेतली. गाडी तापली की बोनेट उघडून गारवा द्यायचा, या तत्त्वावर त्यांची सगळी नोकरी झाली होती. ते रेवदंड्याच्या जेटीवर गेले आणि मासळीसाठी फोडलेला बर्फ थर्माकोलच्या पेटीत भरून रिक्षातून घेऊन आले. पेटी आदल्या दिवशी बोंबिलांची होती. संगणकाचं झाकण उघडं, समोर बर्फाची पेटी, पेटीमागे टेबलपंखा, आणि पंख्याचा वारा बर्फावरून थेट फणीवर. ओटीवर रेवदंड्याचा लिलाव चालू असल्यासारखा वास सुटला.

आणि हे चाललं! तापमान बहात्तरच्या वर जाईना. टक्के पन्नास झाले, साठ झाले, सत्तर झाले. केसरकाकू पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. ऐंशीला भागोजीकाकांनी हिरामणभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. "बग. उगाच शिकला तू."

वास फक्त माणसांनाच येतो असं धरून चालणं ही या योजनेतली त्रुटी होती. अठ्ठ्याऐंशी टक्क्यांना वाडीतली पांढरी मांजर ओटीच्या कठड्यावर दिसली. एकोणनव्वदला दुसरी आली. पहिलीने पेटीवर झेप घेतली, दुसरीने पहिलीवर, आणि त्या झटापटीत दोघी टेबलामागच्या वायरींमध्ये शिरल्या. प्लग निघाला. पंखा थांबला, पडदा काळा झाला. मांजरींच्या हाती बर्फाशिवाय काहीच लागलं नाही, तेव्हा त्याही नाराज होऊनच गेल्या.

भागोजीकाका पेटी उचलून निघाले. हिरामणभाऊ मोबाइल हातात घेऊन अल्पेशचा नंबर शोधू लागले. तो वरच होता. त्यांनी तो लावला नाही, कारण आत पाणी गेलंय का हे आधी पाहायला हवं होतं. डिस्क चालू स्थितीत असल्याशिवाय पनवेलला तरी काय देणार? त्यांनी चार स्क्रू काढले, या वेळी वाटीत ठेवले, आणि फणी उचलली.

फणी अलगद सुटून आली. चिकटलेलीच नव्हती. पट्टीवरच्या निळसर प्लास्टिकला सुरकुत्या पडल्या होत्या आणि सुरकुत्यांखाली हवेचे फुगे. डिस्क खाली तापत होती, फणी वर थंड बसली होती, आणि दोघींच्या मध्ये हे प्लास्टिक, एखाद्या वरिष्ठ लिपिकासारखं, काहीच पुढे जाऊ देत नव्हतं. हिरामणभाऊंनी चिठ्ठीवरचं चित्र पुन्हा पाहिलं. बाण सोलण्याचा होता. तो दोन दिवस सोलण्याचाच होता.

आत प्राप्तीच्या हातांवर मेंदी निघत होती. कमळताई लिंबू-साखरेचं पाणी करत होत्या.

"अहो, बोला की. दारात का उभे?"

"ते प्लास्टिक काढावं लागेल."

कमळताईंनी वाटी खाली ठेवली. "कोण म्हणतं?"

"चित्रात आहे."

"आणि गंजलं म्हणजे?"

"अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही, कमळ."

"ग्रिलवालाही असंच म्हणाला होता. बघा जाऊन खिडकी."

"आई," प्राप्ती हात पुढे धरून म्हणाली. तिला कुठेच हात लावता येत नव्हता, त्यामुळे ती नेहमीपेक्षा जास्त बोलत होती. "बाबा मांजरींसमोर हरलेत. पनवेलच्या माणसासमोर नको. तो मला चंद्रावर बसवेल. मामाच्या मनात आहेच ते."

कमळताईंनी थोडा विचार केला. मग पदराला हात पुसत ओटीवर आल्या, चष्मा लावला, आणि पट्टीचा कोपरा नखाने धरला. प्लास्टिक निघताना बारीकसा, लांबलचक, सुखाचा आवाज आला. त्या क्षणभर थांबल्या. "दुसरी बाजू द्या," त्या म्हणाल्या.

हिरामणभाऊंनी फणी बसवून, स्क्रू आवळून, वायरी तपासून वर पाहिलं, तोवर कमळताई टीव्हीच्या कडेपाशी पोचल्या होत्या. नंतर मिक्सर झाला. फ्रिजचं दार त्यांनी केसरकाकूंना बोलावून, दोघींनी दोन टोकं धरून सोललं. आतून निघालेला फ्रिज लाल होता. इतकी वर्षं त्या त्याला किरमिजी समजत होत्या.

शनिवारी सकाळी पुन्हा चाचणी झाली. बर्फ नव्हता, पंखा नव्हता, आणि भागोजीकाका काठी घेऊन मांजरींच्या वाटेवर उभे होते. साठ. त्रेसष्ट. चौसष्ट. पुढे आकडा हलेना. हिरामणभाऊ वाचायचे थांबले तरी भागोजीकाका ओरडून विचारत होते, "किती?" आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच होतं. टक्के मात्र चढत राहिले, आणि पडद्यावर एकदाचा 'पूर्ण' असा शब्द आला. इतका लहान, की हिरामणभाऊंनी तो दोनदा वाचला. मग त्यांनी अल्पेशला फोन केला. "पनवेलवाल्याला सांग, गरज नाही." एवढंच म्हणाले. जास्त काही म्हणायचं त्यांनी योजलं होतं, पण त्यांनी फोन ठेवून दिला.

रविवारी संध्याकाळी मांडव भरला. उरणचे हिरामण म्हात्रे टेम्पो करून आले आणि कुटुंब या शब्दाचा त्यांनी किती उदार अर्थ लावला होता ते टेम्पोचा फाळका उघडल्यावर कळलं. प्राप्ती हळदीने नखशिखांत माखून पाटावर बसली होती. नाचून दमलेली मंडळी खुर्च्यांवर टेकली, डीजेवाल्याने आवाज बंद केला, आणि पडद्यावर फिल्म सुरू झाली.

बारसं. रांगणं. नागावच्या वाळूत पहिलं पाऊल आणि लगेच पडणं. शाळेचा पहिला दिवस, गणवेश दोन मापं मोठा. सगळं होतं, कुठे अडकलं नाही, गोठलं नाही. हिरामणभाऊ मांडवाच्या खांबाला टेकून पडद्याऐवजी लोकांकडे पाहत होते. आणि त्यांना एक गोष्ट कानावर पडू लागली, जी महिनाभर काटछाट करताना त्यांच्या कधी लक्षातच आली नव्हती. प्रत्येक दृश्यात एक आवाज होता. तोच आवाज, बारशापासून नोकरीपर्यंत.

"इकडं बघ. हलू नको. हात खाली. आता हास."

तिसऱ्यांदा लोक हसले. पाचव्यांदा आवाज येण्याआधीच मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "हात खाली!" सहावीतली प्राप्ती बक्षीस घेत होती तेव्हा सगळा मांडव एका सुरात म्हणाला, "आता हास!" डीजेवाला धंद्याचा माणूस होता, त्याने 'हलू नको' पकडलं आणि ढोलकीच्या ठेक्यावर टाकलं. त्यावर उरणची मंडळी उठून नाचू लागली. हिरामणभाऊंचे कान लाल झाले. आपल्या फिल्मचं हसं होतंय, की तिला दाद मिळतेय, हे त्यांना ठरवता येईना, आणि ठरवायला कोणी वेळ देत नव्हतं.

फिल्म संपली. अल्पेश त्यांच्याजवळ आला. त्याचे डोळे ओले होते; हळद गेली असेल, असं तो नंतर म्हणाला.

"दाजी, एक नंबर. खरंच," तो म्हणाला. "पण तुम्ही कुठं आहात यात? एकदापण दिसला नाहीत."

हिरामणभाऊंनी आठवून पाहिलं. दिसले नव्हते. "कोणीतरी कॅमेरा धरायला लागतो," ते म्हणाले.

हे पाटावरून प्राप्तीने ऐकलं. ती उठली. बायका ओरडल्या, "अगं उठू नकोस, पाट सोडू नकोस!" पण ती हळदीच्या पावलांनी मांडव ओलांडून आली, मामाच्या खिशातला मोबाइल पिवळ्या बोटांनी उपसला, आणि बापासमोर धरला.

"बाबा, इकडं बघा."

हिरामणभाऊंना हात कुठे ठेवावेत ते कळेना. त्यांनी एक खांबावर ठेवला, मग काढला, मग दोन्ही मागे घेतले.

"हलू नका. हात खाली. आता हसा."

सगळा मांडव बघत होता. ते हसले.

"परत," प्राप्ती म्हणाली. "डोळे मिटलेत."